बसलेला हंस

तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. घरात, गल्लीत आणि पुढे सासरीसुद्धा ती भिंगरीच राहिली. नाव आईनेच पाडलेलं. पोर चालायला लागली तीच धावत, आणि त्यानंतर तिने म्हणून कुठे बूड टेकलं नाही. जेवताना एक घास ताटापाशी, दुसरा खिडकीपाशी. पाठांतर जिन्यात येरझाऱ्या घालत. पाहुणे आले की आई तिच्या फ्रॉकचं टोक स्वतःच्या मांडीखाली दाबून बसायची. पाहुण्यांशी दोन शब्द बोलून वळून बघावं, तर मांडीखाली नुसती सुरकुती आणि पोर दाराबाहेर.

मोठी झाली तशी तिला धरून ठेवायचं काम नोकऱ्यांवर आलं. त्यांनाही ते जमलं नाही. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की स्टुलावर बसावं लागायचं, म्हणून ती चांगले रचलेले तागे खाली उतरवून पुन्हा रचायला घ्यायची. मालक म्हणाला, "बाई, हे दुकान आहे, तालीम नाही." हॉटेलच्या काउंटरवर उभं राहायचं होतं, पण एकाच जागी. दाताच्या दवाखान्यात तिला नंबर लावायच्या टेबलामागे बसवलं, तर तिच्या हलत्या गुडघ्याने टेबल थरथरायचं आणि आधीच धास्तावलेले पेशंट आणखी धास्तावायचे. डॉक्टरांनी फार गोड बोलून तिला निरोप दिला.

लग्न झालं ते शिंप्याशी. तो सकाळी मशीनवर बसला की दुपारी जेवायला उठणारा आणि जेवून पुन्हा बसणारा. "मी दिवसभर बसलेला, ही दिवसभर उठलेली," तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "दोघांची मिळून सरासरी अगदी झकास येते."

विमानतळाची जाहिरात त्यालाच दिसली. जुन्या वर्तमानपत्रावर बाहीचा आकार आखून कात्री चालवत होता, तेवढ्यात काखेपाशी मजकूर दिसला: धावपट्टीवरचे पक्षी हटवण्यासाठी माणूस हवा, फिरतीचं काम. बाही अर्धी कापून झाली होती. तो कागद तसाच घेऊन भिंगरी शहराबाहेरच्या त्या छोट्या विमानतळावर गेली. तिथल्या साहेबांनी बाहीच्या आकाराच्या कागदाकडे एकदा आणि तिच्याकडे एकदा पाहिलं.

"ऊन असो, पाऊस असो, दिवसभर फिरत राहावं लागेल," साहेब म्हणाले. "चालेल?"

"तेवढंच चालेल," भिंगरी म्हणाली.

काम तिला असं बसलं, की जणू तिच्या मापाने शिवलेलं. तिला एक पिवळं जाकीट मिळालं, एक जीप, जीपवर भोंगा, आणि एक आखूड बंदूक, जिच्यातून गोळी नव्हे तर नुसता फटाका सुटायचा. विमान उतरायच्या आणि उडायच्या आधी धावपट्टीच्या दोन्ही अंगांच्या गवतातून फेरी मारायची. टिटव्या, बगळे, घारी, जे काही बसलेलं दिसेल ते उठवायचं. बसलेल्याला उठवायचं, हेच काम! आईने ऐकलं तेव्हा कपाळावर हात मारला. "म्हणजे इतके दिवस स्वतःच नाचत होतीस, आता पाखरांनाही बसू देणार नाहीस."

कामाबरोबर एक कॅमेराही आला. कोणता पक्षी, कुठे, कुठल्या बाजूला उडाला, याचे फोटो साहेबांना लागायचे. सुरुवातीला तिचे फोटो म्हणजे गवत, आभाळ आणि कोपऱ्यात एखादा अस्पष्ट ठिपका. मग हात बसला. उजव्या हाताने फटाका उडवायचा आणि आवाज विरायच्या आत डाव्या हाताने कॅमेरा डोळ्याला लावायचा, ही कसरत तिला अशी साधली की टॉवरवरची माणसं खिडकीत येऊन बघायची.

थंडी पडली आणि हंस आले.

हंस म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे उशीच्या अभ्र्यावर भरलेला पांढराशुभ्र, मान वळवून तरंगणारा पक्षी होता. हे निघाले करडे, जाडजूड आणि भांडकुदळ. धावपट्टीपलीकडच्या तळ्यावर रात्र काढायचे आणि उजाडलं की गवतावर चरायला हजर. चालताना ढुंगण हलवत, एकमेकांना टोचत, अखंड कलकल करत. पण फटाका वाजला की ते सगळं ओबडधोबड अंग एकदम सुटायचं. माना लांब व्हायच्या, पंख उघडायचे, पायांखालचं दव उडायचं, आणि सबंध थवा एखादी चादर झटकावी तसा वर यायचा. भिंगरी कॅमेऱ्यामागून ते बघायची आणि तिच्या छातीत काहीतरी त्यांच्याबरोबर उचललं जायचं. एवढं उठणं तिने कुणाचंच पाहिलं नव्हतं.

तिचे फोटो चांगले होते. साहेबांना फारसं काही चांगलं वाटायचं नाही, पण त्यांनीही चार-पाच मोठे करून प्रवाशांच्या हॉलमधल्या मोकळ्या भिंतीवर लावले.

दुसऱ्या थंडीत एक हंस विमानाला धडकला.

भिंगरीने फेरी मारली होती, थवा उठवला होता. थव्यातले दोन मागे राहिले, उलटे वळले आणि उडणाऱ्या विमानाच्या वाटेत आले. विमान थोडं हेलकावलं, गोल फिरून सुखरूप खाली उतरलं. आतली माणसं उतरली तेव्हा त्यांचे चेहरे पांढरे पडले होते. एका बाईच्या कडेवर बाळ होतं आणि ती ते कुणाच्याही हाती देत नव्हती. यंत्रातून जे निघालं ते पिशवीत गोळा करायचं काम भिंगरीचं. तिने ते केलं.

दुसरा हंस गवतावर उभा होता. ती जीप घेऊन गेली, भोंगा वाजवला, तो हलला नाही. फटाका उडवला. त्याने मान उंच केली, पण उडाला नाही. शेवटी ती खाली उतरली आणि हात पसरून त्याच्या दिशेने चालू लागली. तो पुढे चालू लागला. ती चार पावलं टाकायची, तो चार पावलं टाकायचा, थांबून मागे बघायचा आणि हाक मारायचा. तिला नव्हे, तिच्या पलीकडे धावपट्टीकडे बघून. असं तिने त्याला कुंपणापर्यंत पायी नेलं. कुंपणापाशी तो उडाला. कॅमेरा सगळा वेळ तिच्या गळ्यात होता. हात काही वर झाला नाही.

त्या दिवसानंतर ती फेऱ्या वाढवून मारू लागली. आपल्या कामात दया कुठे बसवायची हे तिला आता नेमकं कळलं होतं: ते जितके जास्त घाबरतील तितके ते जगतील, आणि कडेवर बाळ घेतलेली बाईही जगेल. हंसांना ती नवनवीन तऱ्हेने घाबरवू लागली. कधी जीप उलट्या बाजूने आणायची, कधी गवतात आडवं पडून एकदम उभं राहायचं, कधी गळा फाटेस्तोवर ओरडायचं. हंस तिला ओळखू लागले. जीप नुसती वळली तरी माना वर व्हायच्या.

चित्रकार बाई भेटली ती अशीच एका सकाळी. तिचं विमान उशिरा येणार होतं, म्हणून हॉलमध्ये फिरता फिरता ती त्या फोटोंपुढे थांबली आणि फोटो कुणी काढले म्हणून विचारत थेट जीपच्या शेडपर्यंत आली. उंच, पांढऱ्या केसांची, नखांत निळा रंग अडकलेली. एका हॉस्पिटलमध्ये पेशंट बसतात त्या खोलीची अख्खी भिंत तिला रंगवायची होती.

"त्यांना शांत चित्र हवंय," ती म्हणाली. "मी म्हटलं, तळ्याकाठी विसावलेले हंस काढते. पण मला बसलेला हंस नीट माहीत नाही. पाय कुठे जातात, मान कशी दुमडते. तुमच्याकडे बसलेल्यांचे फोटो असतीलच ना?"

"ढिगाने असतील," भिंगरी म्हणाली, आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर फोटो दाखवायला लागली.

उडणारे. उडू लागलेले. उडायच्या बेतात असलेले. पंख वर, पंख खाली, पाय लोंबते, पाय पोटाशी. ती पुढे पुढे जात राहिली. पहिल्या थंडीचे संपले, दुसऱ्या थंडीचे निम्मे झाले. चित्रकार बाई वाकून बघत होती, ती हळूहळू सरळ झाली.

"एकही बसलेला नाही हो," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, नुसतं नवल होतं. "सगळे पळतायत."

"उडतायत," भिंगरी म्हणाली.

"हो, पण कुणालातरी घाबरून ना? डोळे बघा त्यांचे."

भिंगरीने डोळे पाहिले. हजारो फोटोंतले हजारो डोळे, आणि सगळे कॅमेऱ्याकडे वळलेले. म्हणजे तिच्याकडेच.

"मी आणून देते बसलेला," ती म्हणाली. कुणी मागितलं नव्हतं तरी पुढे म्हणाली, "नक्की आणून देते."

घरी येऊन तिने चहा टाकला आणि तो उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं. शिंप्याने मशीन थांबवून गॅस बंद केला. "काय झालं?"

"काही नाही. मला एक बसलेला हंस पाहिजे."

"पाहुणा म्हणून की कायमचा?"

"चेष्टा करू नका हो. मी आजवर एकही बसलेला हंस पाहिलेला नाही. मी पोचते तोवर ते उठलेले असतात."

सुट्टीच्या दिवशी ती तळ्यावर गेली. तळ्याच्या एका अंगाला फिरायला पायवाट होती, बाकं होती. माणसं यायची, मुलं पाव फेकायची, आणि हंस त्यांच्या पायांत लुडबुडत पाव खायचे. भिंगरीने स्कूटर लांब लावली. पिवळं जाकीट घरी ठेवलं होतं. कॅमेरा पिशवीत. वाटेवर दहा-वीस पावलं गेली असेल, तोच काठावरचा एक थोराड नर ताठ उभा राहिला, घोगरं ओरडला, आणि सगळा थवा पाणी तुडवत वर गेला. पाव हातात घेतलेली एक छोटी मुलगी भोकाड पसरून रडायला लागली.

पुढच्या सुट्टीला ती शिंप्याचा करडा कोट घालून गेली. उडाले. त्याच्या पुढच्या खेपेला डोक्यावरून शाल घेऊन, चष्मा लावून गेली. उडाले. रोज फिरायला येणारे एक आजोबा काठी आपटत म्हणाले, "बाई, तुम्ही आलात की यांना काय होतं हो? काय करता काय तुम्ही त्यांना?"

ती दुसऱ्या अंगाला झाडीत गेली. तिथे एक पक्ष्यांचे फोटो काढणारा होता. अंगावर पानापानांचे कपडे, हातभर लांब लेन्स, जाळीचा छोटा तंबू. उडून गेलेल्या थव्याकडे बघत तो दात-ओठ खात होता; पण तिची हकिगत ऐकल्यावर मात्र पोट धरून हसला आणि तिला तंबूत जागा दिली.

"गुपित एकच," तो कुजबुजला. "बसायचं. ते परत येतील. श्वास हळू घ्यायचा. आपण दगड आहोत असं समजायचं."

भिंगरी दगड झाली. थोड्या वेळाने दगडाचा गुडघा हलू लागला. मग तंबूची काठी हलू लागली, काठीबरोबर जाळी, जाळीवरची पानं. खाली येऊ पाहणारे हंस आभाळातच वळले. पानांच्या माणसाने डोळे मिटून घेतले आणि हात जोडले. "ताई," तो म्हणाला, "राग मानू नका. पण तुम्ही जा."

त्या रागात ती घरापर्यंत स्कूटर न चालवता ढकलत आली.

"कपडे बदलून काय होणार?" शिंपी मशीनवरूनच म्हणाला. "इतकी वर्षं मापं घेतोय. लोक दारातून आत येतात, तेव्हा मी चेहरा नंतर बघतो. तुझा डावा खांदा पुढे असतो आणि टाच जमिनीला लागायच्या आत दुसरा पाय उचललेला असतो. कोट माझा घाल नाहीतर राजाचा घाल, चाल तुझीच राहणार. त्यांना तीच दिसते."

"मग काय चाल बदलू?"

"जमलं तर बघ," तो म्हणाला आणि दोरा दाताने तोडला.

तिला नाही जमलं. सावकाश चालायला लागली की तिला मागून कुणी ढकलतंय असं वाटायचं. अंगणात ती पाच-सहा वेळा तशी चालून आली तर शेजारीण म्हणाली, "पाय मुरगळला का गं?"

त्याच सुमारास आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, रोज सपाट वाटेवर चालवा, थोडं थोडं. जवळपास सपाट वाट म्हणजे तळ्याकाठची. भिंगरीने एका दुपारपाळीच्या दिवशी सकाळी आईला तिथे नेलं, ते निव्वळ कर्तव्य म्हणून. कॅमेरा पिशवीतच राहिला होता.

आईने एका हातात काठी धरली आणि दुसऱ्या हाताने भिंगरीचा दंड. पकड अशी की बोटं रुतावीत. एक पाऊल, मग काठी, मग दुसरं पाऊल, मग थांबून श्वास.

"आई, चल ना गं."

"चालतेच आहे. हे काय चाललंय, चालणं नाही?"

काठावर हंस होते. भिंगरीने त्यांना पाहिलं आणि ती मनातल्या मनात उडण्याची वाट बघू लागली. थोराड नराने मान वर केली. बघितलं. पाऊल, काठी, पाऊल, श्वास. त्याने आणखी एकदा बघितलं आणि मान खाली घालून गवत उपटायला लागला.

भिंगरी जागीच थांबली. "आई, थांब," ती म्हणाली.

"आता थांब म्हणतेस? बरं झालं बाई. मला बाकावर बसव."

तेव्हापासून त्या दोघी जमेल तेव्हा येऊ लागल्या. बाकावर बसल्यावर आईची पकड सैल व्हायची, पण सुटायची नाही. भिंगरीचा गुडघा हलला की आई त्याच्यावर काठी आडवी ठेवायची.

"तुला बरं जमतं गं असं बसायला," एकदा भिंगरी म्हणाली. "आम्हाला का नाही दिलंस ते?"

आई एकदम तिच्याकडे वळली. "बरं जमतं? मला काय हौस आहे बसायची? त्या बाईच्या हातातली पिशवी बघ, फाटतेय, उठून तिला सांगावंसं वाटतंय. तो नळ ठिबकतोय, मघापासून माझ्या डोक्यात ठिबकतोय. लहानपणी मी आमच्या गल्लीत सगळ्यांत जोरात पळायचे, ठाऊक आहे? मग तू झालीस, आणि तुझ्यामागे धावून धावून मीच दमले. तेव्हापासून बसलेय ती चिडूनच बसलेय."

भिंगरीला हसू आलं. मग तिने आईच्या पायांकडे पाहिलं. चपलेतला अंगठा सारखा वर-खाली होत होता. इतक्या वर्षांत हा अंगठा तिला कधी दिसला नव्हता.

एका दुपारी ऊन छान पडलं होतं. हंस काठावर पोट टेकून बसले होते. सात-आठ जणांनी माना पाठीवर वळवून चोची पंखांत खुपसल्या होत्या. आई बोलता बोलता पेंगली आणि तिचं डोकं भिंगरीच्या खांद्यावर आलं. हात दंडाभोवती तसाच. भिंगरी अडकली. उठता येईना, वळता येईना, कॅमेरा डोळ्यापर्यंत नेता येईना. हात उचलला असता तर आई जागी झाली असती. तिचे दोन्ही पाय शिवशिवत होते. मानेवर माशी बसली तीही हाकलता येईना. साधी माशी हाकलता येईना, आणि म्हणे हाकलण्याची नोकरी!

तिने मोकळ्या हाताने मांडीवरचा कॅमेरा हळूच वळवला. अंदाजाने, न बघता, एकदा दाबलं. पुन्हा दाबलं. खट् आवाजाला एकाही हंसाने मान काढली नाही. मग ती नुसती बसून राहिली. किती वेळ ते तिला कधीच सांगता आलं नाही, कारण तेवढ्या वेळात ती घड्याळाकडेही वळू शकत नव्हती.

घरी येऊन पाहिलं तर फोटो तिरके. काहींत नुसतं आईच्या शालीचं टोक. पण एकात जवळचा एक हंस पुरता आला होता: पोटाखाली दुमडलेले पाय, पाठीवर उलटी ठेवलेली मान, पिसांची घडी न् घडी. आणि पंखाच्या कडेवरून दिसणारा एक डोळा, टक्क उघडा.

आईने चष्मा लावून पाहिलं. "झोपलाय कुठे हा? तुझ्यावर पाळत ठेवून आहे."

"ते तसेच झोपतात," भिंगरी म्हणाली. "एक डोळा उघडा ठेवून."

"मग त्याने तुला ओळखलं असणार."

भिंगरीने तो डोळा पुन्हा एकदा पाहिला. तिलाही तेच वाटत होतं.

चित्रकार बाईने फोटो बघितला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. "मान अशी जाते होय!" ती म्हणाली. मग चाचरत म्हणाली, "डोळा मिटलेला एखादा नाही का? हॉस्पिटलवाल्यांना शांत हवंय. आधीच रिपोर्टची वाट बघत बसलेली माणसं, त्यात भिंतीवरून कुणी टवकारून बघायला नको."

"मिटायचा असेल तर तुम्ही मिटा," भिंगरी म्हणाली. "माझ्याकडे असाच आहे."

चित्रकार बाईने पुढे भिंतीवर सगळ्यांचे डोळे मिटले आणि कडेच्या एकाचा उघडा ठेवला. हॉस्पिटलवाल्यांच्या ते लक्षातच आलं नाही म्हणे. पण ते नंतरचं.

आधी झालं ते असं. थंडी सरत आली होती. भिंगरी सकाळची फेरी मारायला निघाली. हंस नेहमीच्या जागी चरत होते. जीप वळली. माना वर झाल्या. आणि पुन्हा खाली गेल्या.

तिने भोंगा वाजवला. दोन-तीन हंस थोडे बाजूला सरकले. तिने फटाका उडवला. अर्धा थवा उठला, गवताला घासून जरासा उडाला आणि परत बसला. उरलेले तिच्याकडे बघत उभे होते. तेच बघणं, जे बाकासमोरचे हंस तिच्याकडे बघायचे.

लांब आभाळात उतरणाऱ्या विमानाचे दिवे दिसू लागले होते.

"टॉवर," ती वॉकीटॉकीवर ओरडली, "विमान उतरवू नका! पट्टी मोकळी नाही!"

"काय आहे?"

"हंस आहेत! उठत नाहीयेत! वर पाठवा त्याला!"

विमान धावपट्टीच्या डोक्यावर येऊन मोठ्याने गरजलं आणि पुन्हा वर गेलं. त्या गर्जनेलाही सगळे उडाले नाहीत. भिंगरी जीप तिथेच सोडून हात फिरवत, किंचाळत त्यांच्यात धावत सुटली. जाकीट काढून ते डोक्यावर गरागरा फिरवलं. मातीची ढेकळं मारली. "ऊठ! ऊठ रे मेल्या! ऊठ!" एकेक करून ते उठले. शेवटचा उठला तेव्हा ती गवतात गुडघ्यांवर होती आणि तिचा आवाज बसला होता.

साहेब म्हणाले, "होतं असं. थंडीच्या शेवटी पक्षी फटाक्याला सरावतात. आवाज बदलून बघू. तुम्ही वेळेवर सांगितलंत हे महत्त्वाचं."

ते खरंही असेल. तिने स्वतःलाही तेच सांगून पाहिलं. पण ती दिवसभर शेडमध्ये फेऱ्या मारत राहिली. फटाक्याला सरावले की मला? तळ्यावर मी त्यांच्यासमोर बसले, आईबरोबर हसले, काही केलं नाही. त्यांनी तेवढं लक्षात ठेवलं असेल तर? पिशवीत भरलेलं ते तिला आठवलं. कुंपणापर्यंत चालत गेलेला तो आठवला. तिला खातरी करून घ्यायचा काहीच मार्ग नव्हता, आणि खातरी नसताना पुन्हा तळ्यावर जाऊन बसणं तिला शक्य नव्हतं.

संध्याकाळी ती शिंप्याच्या मशीनपाशी जाऊन उभी राहिली.

"उद्यापासून आईला तळ्यावर तुम्ही न्या."

"मी?" त्याचा पाय पायडलवर थांबला. "मी तर दारापर्यंत जायचं म्हटलं तरी विचार करतो."

"म्हणूनच. तुमची चाल त्यांना चालेल."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे लाल झाले होते, आणि ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभी होती. त्याने टेप गळ्यातून काढून खुंटीला अडकवली.

आईला मात्र सांगावं लागलं. आईने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तू पुन्हा येणारच नाहीस?"

"हंस आहेत तोवर नाही."

"वेडी आहेस," आई म्हणाली. पण काठी उचलून तिने ती भिंगरीच्या गुडघ्यावर आडवी ठेवली आणि बराच वेळ काढली नाही.

मग असं ठरून गेलं. शिंपी आणि सासूबाई सकाळी तळ्यावर. त्याला इतकं चालायची सवय नव्हती, तो सासूपेक्षा जास्त वेळा बाकावर बसायचा. आई त्याला हिणवायची, आणि त्या भरात स्वतः थोडी जास्त चालायची. भिंगरी धावपट्टीवर. साहेबांनी नवा आवाज आणला. तो काही दिवस चालला, मग पुन्हा तिला धावून, ओरडून भागवावं लागलं. ती पूर्वीपेक्षा कठोर झाली. हंस पूर्वीसारखे उठू लागले. फोटो ती आता कामापुरतेच काढायची, आणि काढताना डोळ्यांकडे बघायचं टाळायची.

आईला फोन करायची नवीन सवय लागली होती. बाकावर बसली की फोन. भिंगरी जीपमध्ये असायची.

"आज खूप आहेत. काठभर. तो मोठा आहे ना, तो आज पाण्यातच आहे. तुझा नवरा पाव विसरला."

"बसलेत का?"

"निम्मे बसलेत. थांब, ऐकवते." आणि ती फोन पुढे धरायची. भिंगरी फोन कानाशी घट्ट दाबायची. आधी वारा, मग शिंप्याचं खोकणं, आणि मग हळू, गळ्यातल्या गळ्यात चाललेली ती बडबड. घाबरलेली नव्हे, नुसती घरातली. धावपट्टीवर हा आवाज कधीच ऐकू येत नसे. ती जीपचं इंजिन बंद करून ऐकायची.

"आलं का ऐकू?"

"आलं. आई, ठेवते. विमान यायची वेळ झाली."

आणि ती इंजिन चालू करून गवताच्या दिशेने जीप वळवायची, भोंगा वाजवत.